पोरगा चुकला, मंडळ भरणार का? पदाधिकाऱ्यांसाठी, आणि ज्यांचं नुकसान झालंय त्यांच्यासाठी पण

श्रावण लागला की आमच्या पथकाच्या ग्रुपवर कोणीतरी हा प्रश्न टाकतंच, की समजा आपल्यातल्या एखाद्याने काही राडा केला तर पथकाला भरावं लागेल का. मग चाळीस उत्तरं येतात, अर्धे म्हणतात ज्याने केलं तो भरेल, अर्धे म्हणतात अध्यक्ष आत जाणार, आणि एक जण नुसते हात जोडलेले टाकून गायब होतो. मी नाशिकमध्ये एका ढोल पथकाचा सात वर्षं सेक्रेटरी होतो. वकील नाही मी, बीकॉम आहे, पण दोन प्रकरणं अंगावर घेऊन मध्यवर्ती बसस्टँडजवळच्या कोर्टाच्या आवारात एका नात्यातल्या वकीलकाकांकडे इतक्या चकरा मारल्यात की तिथला चहावाला अजून ओळख देतो. तर जे कळलं ते लिहितोय. मोठी भानगड असेल तर वकील गाठाच, पण निदान त्याच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं ते तरी माहीत पाहिजे.

आधी ती दोन प्रकरणं सांगतो कारण सगळं त्यातच आहे. पाडव्याची शोभायात्रा संपली, पंचवटीतून ढोल भरून टेम्पो निघायचा होता, टेम्पो भाड्याचा, ड्रायव्हर वडापाव खायला गेलेला आणि चावी गाडीलाच. मागून गाड्या हॉर्न मारायला लागल्या म्हणून मी, हो मीच, ओरडलो की अरे कोणीतरी घ्या रे ती बाजूला. आमचा एक एकोणीस वर्षांचा वादक चढला आणि रिव्हर्स घेताना मागे उभ्या कारचा बंपर, डिकी आणि एक लाईट पार गेला, नशीब की माणूस नव्हता मागे. कारवाला अध्यक्षांकडे आला तर अध्यक्ष म्हणाले त्या पोराकडून घ्या, आमचा काय संबंध.

आता गंमत बघा, त्याच रात्री तोच पोरगा, अंगात तोच भगवा कुर्ता पाठीवर पथकाचं नाव छापलेला, घरी जाताना गंगापूर रोडला एका टपरीवर जुन्या उधारीवरून भांडला आणि समोरच्याच्या नाकावर एक ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी तो नाकवाला पण अध्यक्षांकडे. आणि अध्यक्षांनी त्याच्यासमोर मात्र हात जोडले, पथकातर्फे माफी मागतो, खर्च देतो म्हणाले.

काकांनी दोन्ही ऐकलं आणि एकच बोलले, की तुझ्या अध्यक्षाने दोन्हीकडे बरोब्बर उलटं केलं.

पहिलं काम: पैसे की जेल, ते वेगळं करा

लोक "जबाबदार" हा एकच शब्द वापरतात आणि सगळा गोंधळ तिथेच होतो. नुकसानभरपाई हा एक रस्ता, गुन्हा हा दुसरा. दोन्ही एकाच वेळी चालू शकतात पण नियम वेगळे आहेत.

फौजदारीत साधारण नियम असा की ज्याने केलं त्याने भोगायचं. मारामारी पोराने केली तर गुन्हा पोरावर, अध्यक्ष होता म्हणून अध्यक्ष आपोआप आरोपी होत नाही, सुप्रीम कोर्टाने कंपन्यांच्या डायरेक्टरांबद्दल हे पुन्हा पुन्हा सांगितलंय की कायद्यात तसं स्पष्ट लिहिलेलं असल्याशिवाय नुसत्या पदावरून गुन्हेगार ठरवता येत नाही. पण "आपोआप नाही" म्हणजे "कधीच नाही" असं समजू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, तिच्यात कलम ३(५) आहे, सगळ्यांचा मिळून एकच इरादा असेल तर ज्याने हात उचलला नाही तो पण तितकाच अडकतो (जुनं ३४ कलम, पोलीस अजून तेच बोलतात). पाच किंवा जास्त जणांचा बेकायदा जमाव असेल तर १९० आहे, म्हणजे जुनं १४९. अध्यक्षाने "जा रे त्यांचा मंडप पाडून या" म्हटलं की तो अध्यक्ष म्हणून नाही, चिथावणारा म्हणून जातो.

आणि काही कायदे असे आहेत की ते संस्थेच्या प्रमुखाला मुद्दाम धरतात. संस्थेचा चेक बाऊन्स झाला तर चेकच्या कायद्याचं कलम १४१, संस्था पण आणि त्या वेळी कारभार बघणारा पण. लहान मुलांचं काही असेल तर पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, त्यावर खाली वेगळं लिहितो कारण ते सगळ्यात महत्त्वाचं आहे.

गणपतीत पोलिसांची जी नोटीस येते, जिला अजून सगळे १४९ ची नोटीस म्हणतात (हे १४९ वरचं नाही, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं) आणि आता ती नागरिक सुरक्षा संहितेत १६८ झालीये, ती शिक्षा नाही, ती आगाऊ ताकीद आहे. पण ती घेतल्यावर "आम्हाला माहीतच नव्हतं" हे बोलायची सोय जाते. साउंडचं पण तसंच, रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद हा नियम २००० सालापासून आहे, आणि परवानगीचा अर्ज ज्याच्या सहीने गेला त्यालाच पोलीस पहिला फोन लावतात. म्हणून दरवेळी सगळ्यात गरीब स्वभावाच्या माणसाची सही अर्जावर घेतात ना, त्या माणसांना माझी विनंती, अटींचं पान वाचा मग सही करा.

जाता जाता, ग्रुपचे ॲडमिन लोक फार घाबरतात म्हणून: बॉम्बे हायकोर्टाच्या नागपूर बेंचने २०२१ मध्ये सांगितलंय की ग्रुपमधल्या एखाद्याने घाण पोस्ट टाकली म्हणून ॲडमिन आपोआप गुन्हेगार होत नाही, दोघांचा मिळून ठरलेला इरादा दिसला पाहिजे. पण संस्थेचा अधिकृत ग्रुप असेल आणि बदनामीची पोस्ट तुम्हीच पिन करून ठेवली असेल तर मग तुमचं तुम्ही बघा.

दुसरं: तुमची संस्था कागदावर नक्की काय आहे

हे आमच्या पथकात पन्नास जणांना विचारलं तर पन्नास वेगळी उत्तरं आली होती. प्रमाणपत्र काढून बघा. आपल्याकडे बहुतेक मंडळं, क्रीडा संस्था, वाचनालयं ही १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, अशी दोन्हीकडे नोंदलेली असतात. १८६० चा कायदा जुना आहे पण चार कलमं फार कामाची आहेत त्यात. कलम ६ म्हणतं संस्थेवर दावा अध्यक्ष, सेक्रेटरी किंवा विश्वस्तांच्या नावाने करता येतो. कलम ८ म्हणतं तसा निकाल लागला तरी वसुली संस्थेच्या मालमत्तेतून, त्या अध्यक्षाच्या घरातून नाही. म्हणजे समन्सवर तुमचं नाव बघून बायकोचे दागिने लपवायची गरज नाही, तुमचं नाव तिथे पोस्टाच्या पेटीसारखं आहे. आणि कलम १० आणि ११ मध्ये उलट बाजू आहे: सदस्यानेच संस्थेचं नुकसान केलं, पैसे खाल्ले, तर संस्था त्याच्यावर परक्या माणसासारखा दावा लावू शकते आणि गुन्हा पण. "आपलाच आहे, कसं करणार" ही अडचण कायद्याला नाही, आपल्यालाच आहे.

हौसिंग सोसायटी, पतसंस्था असेल तर १९६० चा सहकार कायदा. सोसायटीच्या कामकाजाशी जोडलेल्या गोष्टीसाठी सोसायटीवर किंवा तिच्या पदाधिकाऱ्यावर दावा लावायचा असेल तर आधी निबंधकाला नोटीस देऊन दोन महिने थांबावं लागतं, कलम १६४. हे न केल्यामुळे चांगले दावे लटकतात, लक्षात ठेवा.

आणि ज्यांची काहीच नोंदणी नाही, नुसता बॅनर आणि एक पावतीपुस्तक, त्यांच्यासाठी वाईट बातमी. नोंदणी नसलेलं मंडळ कायद्याच्या नजरेत माणूसच नाही, त्यामुळे त्याच्यावर काही चिकटत नाही, जे चिकटतं ते थेट ज्याने केलं, ज्याने सांगितलं, ज्याने ठरवलं त्या माणसांना. लोकांना वाटतं रजिस्टर नाही म्हणजे आपण सुटलो. अहो, नोंदणी ही छत्री आहे, नसली की पाऊस डोक्यावर. समोरच्याला पण अवघड नाही, दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर १ रूल ८ आहे, दोनचार जणांना सगळ्यांचे प्रतिनिधी धरून दावा चालवता येतो, कोर्टाची परवानगी घेऊन.

तिसरं, आणि खरा कस इथेच: त्या क्षणी तो कोणाचं काम करत होता

कुर्ता कोणाचा, ओळखपत्र कोणाचं, तो सदस्य आहे का नाही, या गोष्टींनी सुरुवात होते पण निकाल लागत नाही. काम कोणाचं होतं, त्याने. पगार देत नाही म्हणून सुटका होते असं पण नाही, फुकट काम करणारा पोरगासुद्धा तुम्ही सांगितलेलं काम तुमच्यासाठी करत असेल तर कोर्ट त्याला तुमचा एजंट धरू शकतं.

उदाहरणं देतो, कारण ही ऐकल्यावर मला स्वतःला उलगडलं.

राजस्थानमध्ये उदयपूरला सरकारी जीप वर्कशॉपमधून दुरुस्त होऊन परत येत होती, ड्रायव्हरने निष्काळजीपणे चालवली आणि पायी जाणारा माणूस गेला. सरकार म्हणालं आम्ही सरकार, आम्हाला कसं धरता. सुप्रीम कोर्ट १९६२ मध्ये म्हणालं, धरतो. जीप परत आणणं हे त्याचं कामच होतं.

आता उलटं. एका टॅक्सीमालकाने टॅक्सी ड्रायव्हरला दिली, ड्रायव्हरने ती परस्पर दुसऱ्याच्या हातात दिली कारण त्याला लायसनची टेस्ट द्यायची होती, आणि त्यात अपघात झाला. १९६६ मध्ये सुप्रीम कोर्टाने बहुमताने मालकाला सोडलं, लायसनची प्रॅक्टिस हे मालकाचं काम नव्हतं.

तिसरं १९७८ चं, स्टेट बँकेचं. एका बाईंच्या घरच्यांनी खात्यात भरायला म्हणून रोख आणि चेक ओळखीतल्या, शेजारी राहणाऱ्या बँक कर्मचाऱ्याकडे दिले, पावती नाही घेतली, त्याने खाल्ले. बँक जबाबदार? नाही. पैसे बँकेला दिले नव्हते, शेजाऱ्याला दिले होते, तो बँकेत नोकरी करतो हा योगायोग. हे प्रकरण नाशिकमधल्या प्रत्येक पतसंस्थेच्या दारावर चिकटवलं पाहिजे, कारण आपल्याकडे पिग्मीवाल्याला "भाऊ हे पण भरून टाक" म्हणून वेगळी रक्कम देणारे कमी नाहीत.

पण याचा अर्थ फसवणूक म्हटली की संस्था सुटते असा घेऊ नका! करार कायद्याचं कलम २३८ म्हणतं, एजंटने तुमच्याच धंद्याचं काम करताना फसवणूक केली तर ती तुम्हीच केल्यासारखी. आणि २३७ म्हणतं, त्याला अधिकार आहे असं लोकांना वाटेल असं तुम्हीच वागलात, तर नंतर अधिकार नव्हता म्हणता येत नाही. वर्गणीचं पावतीपुस्तक म्हणजे अगदी हेच. तुम्ही छापलेलं, नंबर टाकलेलं, शिक्का मारलेलं पुस्तक पोराच्या हातात दिलं आणि त्याने दुकानदाराकडून अकरा हजार घेऊन मंडळात अकराशे भरले, तर दुकानदाराच्या बाजूने वर्गणी मंडळाला पोचली. बाकीचे नऊ हजार नऊशे तुम्ही त्या पोराकडून काढा. आणि मागच्या वर्षी भांडून गेलेल्याकडे जुनं पुस्तक राहिलं असेल तर आजच लेखी मागा, नाही दिलं तर त्या नंबरांच्या पावत्या रद्द असं ठरावात घ्या आणि एरियातल्या दुकानांना कळवा, बोर्डावर लावा. ताबडतोब. गणपतीच्या आदल्या दिवशी नाही.

(जबरदस्तीने वर्गणी हा वेगळाच विषय, ती खंडणी होते, आणि तिथे मी कोणाचीच बाजू घेणार नाही.)

तर आमचा टेम्पो. ढोल पथकाचे, टेम्पो पथकाने ठरवलेला, गाडी बाजूला घ्या हे पथकाच्या सेक्रेटरीने सांगितलं, आणि सांगताना लायसन आहे का हे विचारलं नाही. पोराकडे लायसन नव्हतं. म्हणजे पथकाचं काम पण आणि पथकाची चूक पण. चावी सोडून जाणारा ड्रायव्हर आणि टेम्पोमालक पण सुटले नसते, कोर्टात गेलो असतो तर तिघांनाही ओढलं असतं. आणि टपरीवरचं नाक? उधारी त्याची, भांडण त्याचं, वेळ शोभायात्रा संपल्यानंतरची. कुर्ता तेवढा आमचा.

मधली प्रकरणं मात्र खरी डोकेदुखी. मिरवणुकीत दोर धरणाऱ्या कार्यकर्त्याने मागे सरकवताना एखाद्या आजोबांना ढकललं आणि ते पडले, हे त्याचं कामच आहे, फक्त चुकीच्या पद्धतीने केलं, इथे मंडळ अडकतं. वाकडी बारवपासून मिरवणूक निघाली की दोरवाल्यांना जो जोर चढतो तो बघितलाय मी. त्याच कार्यकर्त्याला गर्दीत जुना दुश्मन दिसला आणि दोर सोडून जाऊन त्याने ठोसा मारला, तर मंडळाकडे बोलायला जागा आहे. पण जागाच आहे हं, खात्री नाही. कारण काही वेळा कोर्ट बघतं की ती संधी त्याला संस्थेमुळेच मिळाली का. हावडा स्टेशनच्या यात्री निवासात रेल्वेच्या कर्मचाऱ्यांनी एका परदेशी महिलेवर अत्याचार केला, तो काही रेल्वेच्या ड्युटीचा भाग नव्हता, तरी सुप्रीम कोर्टाने २००० मध्ये १० लाखांची भरपाई कायम ठेवली. तुमच्या भरवशावर कोणी आलेलं असेल, तुमच्या छताखाली असेल, तिथे "वैयक्तिक कृत्य" ही पळवाट अरुंद होत जाते.

मंडपवाला, क्रेनवाला, साउंडवाला, सिक्युरिटी एजन्सी हे ठेकेदार, त्यांच्या चुकीला साधारणपणे ते जबाबदार, पण "इथेच खांब रोवा, लोकांचं बघू नंतर" असं तुम्ही सांगितलं असेल तर नाही.

आणि बंदची हाक देणाऱ्यांसाठी: ३० जुलै २००३ च्या मुंबई बंदबद्दल बॉम्बे हायकोर्टाने २००४ मध्ये शिवसेना आणि भाजप दोघांना प्रत्येकी २० लाख भरायला सांगितले होते. प्रत्येक दगड कोणी मारला ते शोधत बसले नाहीत. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सार्वजनिक मालमत्तेच्या नासधुशीबद्दल जी तत्त्वं घातली त्यात पण प्रत्यक्ष फोडणारे आणि कार्यक्रमाचे आयोजक दोघांनी मिळून भार उचलायचा असं आहे.

पोराच्या चुकीपेक्षा तुमची स्वतःची चूक जास्त महाग पडते

हे मला सगळ्यात जास्त सांगायचंय. सगळे "त्याने केलं, आम्ही का भरू" यावर भांडतात, आणि समोरचा वकील मात्र शांतपणे दुसराच प्रश्न विचारतो, की तुम्ही काय केलं. तुम्हाला आधी माहीत होतं का. कळल्यावर काय केलंत.

१९९५ मध्ये पठाणकोटकडच्या एका शाळेची सहल बियास नदीवर गेली आणि १४ मुलं बुडाली. सुप्रीम कोर्टाने २००१ मध्ये प्रत्येक मुलामागे ५ लाखांची भरपाई कायम केली. शिक्षकांची बेपर्वाई शाळेने भरली. हरिहर, अंजनेरी, ब्रह्मगिरीला ट्रेकसाठी दर शनिवार रविवारी पन्नास पन्नास पोरं घेऊन जाणारे ग्रुप वाचत असतील तर वाचा नीट. पावसात हरिहरच्या पायऱ्यांवर गर्दी कशी होते ते तुम्हाला मी सांगायला नको, आणि फॉर्मवर "स्वतःच्या जबाबदारीवर येत आहे" लिहून सही घेतली की झालं असं जे वाटतं ना, त्या कागदाने धोका समजावून सांगितल्याचा पुरावा होतो, पण तुमचा निष्काळजीपणा धुतला जात नाही. राज्याचं साहसी पर्यटनाचं धोरण २०२१ ला आलंय, नोंदणी करून घ्या.

आता पॉक्सो. क्लास, अकादमी, वसतिगृह, पथक, जिथे अठरा वर्षांखालची मुलं येतात ते सगळे. मुलाशी काही वाईट झाल्याचं कळलं तर पोलिसांना सांगणं हे बंधन आहे, इच्छा नाही. आणि हाताखालच्या माणसाबद्दल कळूनही संस्थेच्या प्रमुखाने सांगितलं नाही तर कलम २१ खाली त्याला एक वर्षापर्यंत कैद. "घरातलं घरात मिटवू", "मुलीच्याच भविष्याचा प्रश्न आहे" ही वाक्यं मी मीटिंगमध्ये ऐकलीत, चांगल्या घरच्या माणसांच्या तोंडून ऐकलीत. एका संस्थेत, नाव नाही घेणार, एका प्रशिक्षकाला असंच गुपचूप "राजीनामा" देऊन पाठवलं होतं. तो दुसरीकडे लागला. ज्यांनी गुपचूप पाठवलं त्यांची झोप नंतर उडाली, आणि उडायलाच पाहिजे होती.

मोठ्या बायकामुलींसाठी कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आहे. लोकांना वाटतं तो ऑफिसांसाठी आहे, पण ट्रस्ट, सोसायटी, क्रीडा संस्था सगळे त्यात येतात आणि कर्मचारी या शब्दात बिनपगारी स्वयंसेवक पण येतो, हे तिथे स्पष्ट लिहिलंय. दहा किंवा जास्त जण असतील तर अंतर्गत समिती पाहिजेच, नसेल तर ५० हजारांपर्यंत दंड. तक्रार तीन महिन्यांत करायची असते, सबळ कारण असेल तर आणखी तीन. दहापेक्षा कमी असाल किंवा तक्रार मालकावरच असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे.

आणि एक चूक जी आमच्या अध्यक्षांनी केली, नाकवाल्याची लेटरहेडच्या भाषेत माफी मागणं. जे कृत्य संस्थेचं नव्हतं ते नंतर "आमच्या वाघाने बरोबर केलं" किंवा "पथक जबाबदारी घेतं" म्हणून तुम्ही स्वतःच्या अंगावर ओढून घेऊ शकता. स्टेटसला पोराचा फोटो आणि मागे डायलॉग लावणाऱ्यांनो, तुमच्याकडे बघूनच बोलतोय.

तुमचं नुकसान झालं असेल तर

पहिल्या दोन दिवसांत पुरावा गोळा करा, नंतर बॅनर उतरतो आणि सगळे एकमेकांना ओळखेनासे होतात. फोटोत गाडीचा नंबर, बॅनरवरची नावं, पावती, दुकानांचे कॅमेरे (फुटेज टिकत नाही, लगेच लेखी मागा). मिरवणुकीची किंवा मंडपाची परवानगी कोणाच्या नावावर आणि कोणत्या अटींवर होती हे पोलीस आणि महापालिकेकडे माहिती अधिकारात मागता येतं. ट्रस्टचा नोंदणी क्रमांक मिळाला की धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट एकचा उतारा काढा, विश्वस्त कोण ते त्यात असतं, फक्त बदल अर्ज वर्षानुवर्षं पडून असतात त्यामुळे त्यात स्वर्गवासी झालेले पण सापडतील.

मग नोटीस, स्पीड पोस्टने पोचपावतीसह, संस्थेच्या नोंदलेल्या पत्त्यावर आणि त्या माणसाला पण. दोघांनाही. एकालाच पार्टी केलं की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि तुम्ही मधे.

कुठे जायचं यात लोक फार भरकटतात. धर्मादाय आयुक्त तुम्हाला भरपाई देत नाहीत, ते ट्रस्टचा कारभार बघतात, १९५० च्या त्याच कायद्याच्या ४१ अ खाली निर्देश, ४१ ड खाली विश्वस्ताला निलंबित करणं, काढणं, हे त्यांचं काम. कारभारच सडलाय असं दाखवायचं असेल तर तिथे जरूर जा, पण बंपरचे पैसे मागायला नाही. गाडीने धडक दिली तर मोटार अपघात न्यायाधिकरण, कायद्यात सहा महिन्यांची मुदत घातलीये म्हणून रेंगाळू नका. पैसे देऊन सेवा घेतली, म्हणजे क्लास, ट्रेक, हॉस्पिटल, तर जिल्हा ग्राहक आयोग, दोन वर्षं. ट्रस्टचं हॉस्पिटल असलं तरी तिथे फी घेतात म्हटल्यावर ग्राहक कायदा लागतो, हे १९९५ पासून ठरलेलं आहे. सोसायटीचे सदस्य असाल आणि वाद सोसायटीच्या कामकाजाचा असेल तर सहकार न्यायालय. बाकी दिवाणी कोर्ट, तिथे साधारण तीन वर्षं, बदनामीला मात्र एकच. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, महिला, अनुसूचित जाती जमाती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, लाजू नका, अर्ज एका पानाचा आहे.

तुम्ही पदाधिकारी असाल तर

ठराव लिहा. प्रोसिडिंग बुक म्हणजे नुसती चहाबिस्किटांची नोंद नाही. कोणाला कोणतं काम दिलं, गाडी कोण चालवणार, वर्गणीला कोण जाणार, कोणाला काढलं आणि कधीपासून, हे तारखेने लिहिलेलं असलं तर "तो आमचं काम करत नव्हता" हे तुम्ही दाखवू शकता, नाहीतर फक्त ओरडू शकता. एखाद्याची दुसरी तक्रार आली की त्याला कामावरून बाजूला करा, चौकशी होईपर्यंत, आणि हे लेखी. तिसऱ्या तक्रारीला पहिल्या दोन तुमच्या विरुद्धचा पुरावा असतात.

विमा काढा. गणपतीच्या दहा दिवसांसाठी तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा मिळतो, लायटिंगच्या खर्चात लपून जाईल एवढ्यात होतो. काही झालं तर कंपनीला लगेच कळवा आणि त्यांना न विचारता कबुली देत सुटू नका.

घटना घडल्यावर ग्रुपवरचे मेसेज डिलीट करायचा मोह होतो. करू नका. स्क्रीनशॉट आधीच गेलेला असतो, आणि डिलीट केलेला मेसेज हा असलेल्या मेसेजपेक्षा वाईट दिसतो. एकानेच बोलायचं, शक्यतो कमी बोलणाऱ्याने.

तडजोड होत असेल तर करा, पण कागदावर. आमच्या कारवाल्याला ३८ हजार लागले, त्यातले काही टेम्पोमालकाने दिले, बाकी पथकाने चेकने, आणि करारात लिहिलं की ही पूर्ण आणि अंतिम रक्कम, यापुढे मागणी नाही. तेव्हा १०० च्या बॉण्डवर झालं, आता १०० चा बंद झालाय, ५०० चा घ्यावा लागतो. गंभीर गुन्ह्यात मात्र असला कागद चालत नाही, उलट साक्षीदार फोडला म्हणून गळ्यात येईल. नाकवाल्याचं त्या पोराने स्वतः, वडिलांना घेऊन जाऊन मिटवलं. पोराकडून बंपरचे पैसे घ्यायचे का यावर मीटिंगमध्ये दोन तास वाद झाला, कायद्याने मागता आले असते, पण ओरडलो मी होतो, म्हणून पाच हजार मी घातले आणि विषय संपवला.

त्या वर्षीपासून ठरावच आहे, टेम्पो थांबला की चावी खजिनदाराकडे. आमच्या खजिनदाराला सायकल सोडून काहीच चालवता येत नाही.